एका संगणकाचे लाभक्षेत्र

जी वस्तू एकाच्या मालकीची असते ती वापरून झिजते आणि जी सगळ्यांच्या मालकीची असते ती वर्षानुवर्षे नवीकोरी राहते, कारण तिला आधी हात कोणी लावायचा हे ठरेपर्यंत वर्ष संपलेले असते. सहकाराचे हे मूलतत्त्व इतर प्रांतांत मोठमोठ्या विद्वानांना समजावून सांगावे लागते. आमच्या नगर जिल्ह्यात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. किंबहुना शेंबड्या पोरालाच ते सर्वांत आधी ठाऊक व्हावे या उदात्त हेतूने १९९६ साली पाटटाकळी गावात जो शैक्षणिक प्रयोग झाला, त्याची नोंद कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाने घेतली नाही. म्हणून ती मी घेत आहे. (मी त्या संस्थेचा सभासद नाही. माझा अर्ज विचाराधीन आहे.)

पाटटाकळी हे कालव्याच्या कडेचे सुखवस्तू गाव. इथे दूध सहकारी आहे, पतपेढी सहकारी आहे, नदीवरून पाणी उचलणारी योजना सहकारी आहे आणि लग्नकार्याची भांडीसुद्धा सहकारी आहेत (ताटे भरपूर, वाट्या त्या मानाने कमी, वाट्यांची चौकशी चालू आहे). दाढी आणि रुसवे-फुगवे एवढ्या दोनच गोष्टी गावात खासगी क्षेत्रात उरल्या आहेत आणि पैकी दाढीबाबत बोलणी बरीच पुढे गेली आहेत. अशा गावात बालवाडी तेवढी मोकाट राहणे शक्यच नव्हते. तीही रीतसर नोंदवलेली होती : ज्ञानांकुर सहकारी बालवाडी मर्यादित. (मर्यादित हा शब्द कायद्याने लावावा लागतो. त्याचा ज्ञानाशी संबंध नाही.)

बालवाडीचे चेअरमन काकासाहेब. ते एकदा पुण्याला लेकीकडे गेले असता त्यांनी एक विलक्षण दृश्य पाहिले. शेजारचे तीन वर्षांचे पोर संगणकापुढे बसून बटणे बडवत होते आणि पडद्यावर सफरचंद येत होते. काकासाहेब जवळ गेले तेव्हा त्या पोराने त्यांना "हात नका लावू, आजोबा," असे बजावले. उभ्या आयुष्यात काकासाहेबांना असे कोणी बोलले नव्हते. त्यातच जावयाने माहिती दिली की माणसाचा मेंदू पाचव्या वर्षापर्यंत बहुतेक तयार होतो, त्यामुळे त्यात जे घालायचे ते आधीच घालावे लागते. काकासाहेबांना ही गोष्ट तत्काळ पटली. गाळप हंगाम संपल्यावर ऊस आणला तर कारखाना काय करणार? गावात दरवर्षी वीस-पंचवीस मेंदू तयार होत होते आणि ते सगळे रिकामे चालले होते.

संगणक घ्यायचा हा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. ज्याच्या घरचे मूल बालवाडीत, त्याने एक भाग, म्हणजे शेअर, घ्यायचा, हेही मंजूर झाले. घोडे अडले ते पुढे. सहकारात सभासदाला आपला भाग डोळ्यांनी दिसला पाहिजे. दूधवाल्याला आपला कॅन दिसतो, ऊसवाल्याला आपला फड दिसतो. संगणकात कोणाला काय दिसणार? पडदा एकच, डबा एकच आणि वायर तर भिंतीत गेलेली. बराच वेळ विचार केल्यावर असे आढळले की त्या यंत्रात वाटून देता येईल अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे बटणे. बटणे पुष्कळ होती आणि सुटी सुटी होती. अक्षरांची बटणे जितकी, जवळपास तितकीच मुले होती. एका मुलाला एक बटण, हा हिशेब इतका चोख बसला की यंत्र बनवणाऱ्याने पाटटाकळीचा पट पाहूनच ते बनवले असावे असे सर्वांचे मत पडले.

या ठरावाला एकच हरकत आली, ती जयमालाताईंची. जयमालाताई बालवाडीच्या शिक्षिका. त्या मूळच्या जामखेडकडच्या. जामखेडकडे पाण्याचा पत्ता नसल्यामुळे पाण्याच्या भांडणांचाही पत्ता नसतो, त्यामुळे तिकडची माणसे स्वभावाने थोडी अडाणी राहतात. "एकेका लेकराला बसवू, त्याला वाटंल ती बटनं दाबू द्या," असे त्या सभेत म्हणाल्या. सभेने त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि त्यांच्यासाठी चहा मागवला.

यंत्र नगरहून टेम्पोने आले. वाटेत असल्यामुळे टेम्पो शिर्डीला दर्शन घेऊन आला. (शिर्डी वाटेत नाही.) सोबत आलेल्या तंत्रज्ञाने यंत्र जोडले, बटण दाबून अक्षर उमटवून दाखवले आणि "सोपं आहे, कुणीही वापरू शकतं," असे सांगितले. त्यालाही चहा देऊन परत पाठवण्यात आले.

मग बटणांचे वाटप झाले. पाटटाकळीत कुठलीही गोष्ट वाटायची म्हटली की नजरेसमोर कालवा येतो. कालव्याच्या तोंडाशी ज्यांच्या जमिनी त्यांना पाणी आधी, शेवटाला म्हणजे टेलला ज्यांच्या जमिनी त्यांना उरले तर. याच न्यायाने वरची ओळ तोंडाच्या मंडळींना, मधली मधल्यांना आणि खालची टेलला, असे ठरले. सर्वांत लांबलचक बटण अर्थातच काकासाहेबांच्या नातवाला, करणला, मिळाले. ते दाबले की पडद्यावर काहीच दिसत नाही, पण पुढच्याला एक घर सरकावे लागते. चेअरमनपदाचे इतके नेमके वर्णन काकासाहेबांनी आजवर कुठल्या मानपत्रातही ऐकले नव्हते.

विरोधी गटाचे नेते गहिनीनाथ. त्यांनी सभात्यागाची धमकी देऊन वरच्या ओळीतले अगदी पहिले बटण आपल्या नातीसाठी, ज्ञानेश्वरीसाठी, पदरात पाडून घेतले. ते बटण क्यूचे निघाले. आठवडाभराने त्यांच्या लक्षात आले की क्यू कोणाच्याच नावात येत नाही. त्यांनी येत्या नातवाचे नाव क्यूवरून ठेवण्याची तयारी दाखवली, पण सुनेने माहेरी जाण्याची तयारी दाखवल्यामुळे तो विषय मागे पडला. शेवटी नुकसानभरपाई म्हणून त्यांना आणखी एक बटण देण्यात आले, ते म्हणजे पुसायचे. गहिनीनाथांचे त्यावर पूर्ण समाधान झाले. ज्याला लिहिता येत नाही त्याला निदान दुसऱ्याचे पुसता यावे, एवढीच विरोधी पक्षाची माफक अपेक्षा असते.

खालची ओळ टेलवाल्यांना गेली. गावातली बौद्ध वस्ती टेललाच आहे. (हा निव्वळ योगायोग. हातपंप, डांबरी रस्ता आणि रस्त्यावरचे दिवे यांच्या बाबतीतही नेमका हाच योगायोग झालेला आहे.) त्या वस्तीतला प्रवीण नागापूरच्या एमआयडीसीत कामाला होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. कोणते बटण हवे हे त्याला कोणी विचारले नाही. त्याच्या मुलीला, प्रज्ञाला, सगळ्यांचे वाटून झाल्यावर उरलेले बटण मिळाले. ते एनचे होते. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे मूळ या एका दुर्लक्षात आहे, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

पुढे वाद नको म्हणून प्रत्येक बटणावर मालकाच्या आडनावाची चिठ्ठी चिकटवण्यात आली. त्यामुळे अक्षरे झाकली गेली, पण मालकी स्पष्ट दिसू लागली. मुलांना कुठल्या बटणाचे काय म्हणून विचारले तर ती अक्षराऐवजी आडनाव सांगत. गावाची ओळख व्हावी म्हणून शहरातल्या शाळा मुलांना सहलीला नेतात. आमच्याकडे ते काम कीबोर्डावर होऊ लागले.

संगणकाचे आवर्तन, म्हणजे कालव्यासारखी पाळीपाळीची सोडत, सांभाळण्यासाठी गोरक्ष यांची नेमणूक झाली. गोरक्ष हे कालव्यावरचे निवृत्त पाटकरी. कोणाच्या शेतात कधी पाणी सोडायचे हे उभा जन्म त्यांनी ठरवलेले, त्यामुळे संगणकाचे त्यांना काही विशेष वाटले नाही. चपला बाहेर, हात धुतलेले, नाक पुसलेले, आणि शिट्टी वाजल्याशिवाय बोट उचलायचे नाही, असे नियम त्यांनी घालून दिले. मुलांनी जमिनीवर बसायचे तेही कीबोर्डाच्या क्रमाने, वरची ओळ पुढे आणि खालची मागे. दुसऱ्याच्या बटणाला हात लावणे ही बटणचोरी. तिची शिक्षा पाणीचोरीप्रमाणेच, म्हणजे चोरणाऱ्याची पुढची पाळी बंद. आवर्तन रोज वरच्या ओळीपासून सुटायचे आणि खालच्या ओळीपर्यंत पोचेपोचेतो वीज जायची. टेलवाल्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही, कारण त्यांना हे नवीन नव्हते.

प्रयोगाचे परिणाम थक्क करणारे होते. तीनच महिन्यांत एकूण एक मुलाला आपले बटण डोळे मिटून सापडू लागले. शंभरातल्या शंभर मुलांना (पटावर एवढी मुले नव्हती, पण टक्केवारी अशीच काढतात) दुसऱ्याच्या बटणाकडे नुसते पाहायचीही भीती बसली. एका पाहुण्याने पडद्यावर ओळीने चाळीस डब्ल्यू पाहिले आणि हे कशाचे शिक्षण म्हणून विचारले. सातत्याचे, असे काकासाहेबांनी उत्तर दिले. पाहुण्याने ते वहीत लिहून घेतले.

अशा रीतीने सगळे सुरळीत चालले असता जयमालाताईंनी दुसऱ्यांदा अडाणीपणा केला. बालवाडी सोडण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपले नाव एकदा तरी पडद्यावर पाहावे, अशी सूचना त्यांनी मांडली. मुलाचे नाव टीव्हीसारख्या वस्तूवर झळकणार म्हटल्यावर कुठल्या आईबापाला नको होईल? ठराव बिनविरोध मंजूर झाला. एका नावाला सहा-सात बटणे लागतात, म्हणजे सहा-सात घरे लागतात, हे नंतर लक्षात आले.

पण गावाकडे त्याचेही उत्तर तयार होते. आज तुम्ही आमच्या खुरपणीला या, उद्या आम्ही तुमच्या, याला आमच्याकडे सावड म्हणतात. बटणांची सावड सुरू झाली. नितीनच्या नावासाठी तीन घरची मुले आली, करणच्या नावासाठी चार, ज्ञानेश्वरीच्या नावासाठी तर अर्धा गाव गोळा करावा लागला. आणि मग असे दिसून आले की नितीनमध्ये दोन एन आहेत, करणमध्ये एन आहे, ज्ञानेश्वरीमध्ये एन आहे. खुद्द गहिनीनाथांनी हौसेने स्वतःचे नाव काढायला सांगितले, तर त्यातही दोन. टेलचे उरलेले बटण गावातल्या बहुतेक प्रतिष्ठित नावांत घुसून बसले होते.

त्यामुळे त्या हिवाळ्यात प्रज्ञाइतकी मागणी गावात कोणालाच नव्हती. सकाळी कोणाचे तरी नाव असायचे आणि गोरक्ष सायकलवर बसून वस्तीवर जायचे. एकदा तिला ताप होता, तर तिला गोधडीत गुंडाळून आणली, बटण दाबून घेतले आणि परत पोचवली. तीही आनंदाने यायची. बोट फ्रॉकला पुसायची, बटण दाबायची आणि दुसऱ्याचे नाव उमटले की टाळ्या वाजवायची. जाताना ती रोज एकच प्रश्न विचारी. "बाई, माजं कवा?"

प्रज्ञाच्या नावाची (इंग्रजीत पी-आर-ए-डी-एन-वाय-ए) तारीख तीनदा लागली. पहिल्यांदा पीचा मालक नितीन मामाच्या गावी गेला होता. दुसऱ्यांदा एच्या मालकाने हरकत घेतली. हे मालक म्हणजे जालिंदर, त्यांची मुलगी बालवाडीत होती. प्रज्ञाच्या नावात ए दोनदा येतो, म्हणजे एकाच शेताला दोन पाळ्या, आणि हे नियमात कुठे बसते, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. (करणच्या आणि गहिनीनाथांच्या नावातही ए दोनदा येतो. पण ती नावे मोठी असल्यामुळे त्यांना क्षेत्र जास्त धरण्यात आले होते.) तिसऱ्यांदा सगळे जमले आणि आवर्तन तिच्यापर्यंत येण्याआधी वीज गेली. तिन्ही वेळा प्रवीण कारखान्यातून रजा काढून आला, पोरीला नवा फ्रॉक घालून दारात उभा राहिला आणि तसाच परत गेला. तिसऱ्या वेळी मात्र तो काकासाहेबांच्या ओट्यावर गेला.

"काका, पोरीचं नाव राहिलंय."

"राहिलंय म्हंजी काय गेलं न्हाई," काकासाहेब म्हणाले. "पुढच्या हंगामात घिऊ."

"पुढच्या हंगामात ती शाळंत आसंल. पयलीला."

"मग तर प्रश्नच मिटला."

काकासाहेबांच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांच्या मनात ती गोष्टच नव्हती. एप्रिलात बालवाडीची वार्षिक सभा व्हायची, त्या दिवशी यंत्रावर कापड पडायचे, आणि जूनमध्ये पटावर नवी मुले यायची. थोडक्यात, प्रज्ञाकडे आता सभेचा एकच दिवस उरला होता, आणि त्या दिवशी आवर्तन ठेवलेले नव्हते.

सभा बालवाडीसमोरच्या मांडवात भरली. मुलांना आतल्या खोलीत त्यांच्या त्यांच्या क्रमाने बसवून ठेवले होते. शेवटी राष्ट्रगीताला बाहेर काढायची होती. यंत्र चालू होते, कारण पाहुण्यांना चालू दिसावे. सभा लाभांशाच्या विषयाशी येऊन अडली. संगणकापासून मिळालेल्या ज्ञानाचा लाभांश भागाच्या प्रमाणात वाटावा की वापराच्या, यावर गहिनीनाथ बोलायला उभे राहिले. गहिनीनाथ बोलायला उभे राहिले की आसपासची माणसे तंबाखू मळायला घेतात.

त्या वेळी जयमालाताई खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तोंड सभेकडे, पाठ मुलांकडे. आणि त्या मोठ्याने हजेरी घेऊ लागल्या.

ती हजेरी कुठल्याच क्रमाने नव्हती. खालच्या ओळीतला एक, वरच्यातला दुसरा, जालिंदर यांच्या मुलीचे नाव तर दोनदा. प्रत्येक नाव पुकारले की आतून "हजर" असे उत्तर येई आणि पाठोपाठ टक् असा आवाज. मांडवातल्या कोणाला त्यात वावगे वाटले नाही. बाई हजेरी घेत होत्या, त्याचाच त्यांना पगार होता. फक्त गोरक्ष यांचे कान टवकारले, कारण वाहत्या पाण्याचा आवाज पाटकऱ्याला लांबून कळतो.

"बाई, आत कायतरी वाजतंय," ते जवळ येऊन म्हणाले.

"बाहेर लई वाजायलंय, गोरक्षभाऊ," जयमालाताई म्हणाल्या आणि दारातून हलल्या नाहीत.

हजेरीतले पहिले नाव नितीनचे होते. नितीन पुन्हा मामाच्या गावी. तेव्हा मागून लांब बटणाचा मालक करण उठला, "मी हाय," म्हणाला, आणि त्याने पी दाबला. ही उघड उघड बटणचोरी होती आणि तीही चेअरमनच्या घरात. पण करणची बाजूही समजून घेतली पाहिजे. वर्षभर त्याने इमानेइतबारे एक बटण दाबले होते आणि पडद्यावर कधी काही आले नव्हते. आज पहिल्यांदाच आले. ते अक्षर पाहून तो इतका खूश झाला की आणखी दाबू का म्हणून विचारू लागला. ज्ञानेश्वरीने त्याला ओढून खाली बसवले.

शेवटचा ए उमटल्यावर प्रज्ञा खोलीतून पळत सुटली. प्रवीण मांडवाच्या टोकाला, चपलांच्या शेजारी बसला होता. त्याचे बोट धरून तिने त्याला आत आणले. प्रवीणने काचेला हात न लावता एकेक अक्षरावर बोट फिरवत नाव वाचले, दोनदा वाचले, आणि मग नुसता उभा राहिला. एवढा धडधाकट माणूस, पण त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला ते लपवताही येत नव्हते. मला हे सांगताना जरा संकोच वाटतो, कारण अहवालात अशा गोष्टी लिहायची पद्धत नाही.

मग गोरक्ष यांनी शिट्टी फुंकली आणि सगळी सभा आत घुसली.

पी कोणी दाबला, हे बाहेर यायला वेळ लागला नाही. करणने स्वतःच अभिमानाने सांगितले. काकासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी प्रकरण वाढू नये म्हणून ताबडतोब नाव पुसायचा आदेश दिला. पण पुसायचे बटण ज्ञानेश्वरीचे, म्हणजे गहिनीनाथांचे. आणि गहिनीनाथ हाताची घडी घालून उभे राहिले.

"न्हाई पुसनार," ते म्हणाले. "चेअरमनच्या नातवानं चोरी केली, त्याचा ह्यो पुरावा हाय. पुरावा पुसायचा नसतो."

चौकशी समिती नेमण्यात आली. समितीचा अहवाल येईपर्यंत नाव जसेच्या तसे राहिले पाहिजे, आणि वीज गेली तर पुरावा नष्ट होईल, म्हणून गहिनीनाथांनी लग्नाच्या मांडवाला लागतो तो जनरेटर आणून खोलीच्या मागे बसवला. काकासाहेबांच्या गटाचे दोन आणि गहिनीनाथांच्या गटाचे दोन असा पहारा लागला. गावात तोवर कुठल्याही कामासाठी सलग वीज मिळाली नव्हती. दवाखान्याला नाही, पाण्याच्या टाकीला नाही. टेलच्या एका पोरीच्या नावाला ती सलग तीन दिवस मिळाली.

आणि मग लोक पाहायला येऊ लागले. ज्या बायकांनी वर्षभर त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता, त्या शेतावरून येताना हात धुऊन आत डोकावू लागल्या. गहिनीनाथांच्या गटाची माणसे येईल त्याला पुरावा समजावून सांगत : हे पी चोरीचे, हे बाकीचे रीतसर. काकासाहेबांच्या गटाची माणसे प्रत्येक अक्षर कोणाच्या मालकीचे ते सांगून चोरी फक्त एक सप्तमांश असल्याचे पटवून देत. येणारा माणूस सात अक्षरे नीट पाहून, मोजून, एकेकाचे नाव विचारून जाई. शेजारच्या गावाचे लोक टेम्पो करून आले. रतनबाई नावाच्या एक आजी, ज्यांनी जन्मात मराठी अक्षर ओळखले नव्हते, त्यांनी तिसऱ्या दिवशी चुलीपुढच्या राखेत बोटाने तो इंग्रजी शब्द काढून दाखवला. चौथ्या दिवशी जनरेटरचे डिझेल कोणी घालायचे यावर पहारेकऱ्यांत मतभेद झाले आणि पुरावा आपोआप मावळला.

चौकशी समितीने मुलांना एकत्र बसवल्यामुळे हा प्रकार घडला, असा निष्कर्ष काढला. यापुढे मुलांना संगणकापासून दूर ठेवावे, म्हणजे संगणक शिक्षणाला धोका राहणार नाही, अशी शिफारस तिने केली. शिफारस दोन्ही गटांनी एकमताने स्वीकारली. गावात गेल्या दहा वर्षांत झालेले हे पहिलेच एकमत.

जूनमध्ये मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला गेली. नव्या गुरुजींनी कोणाला काय येते ते पाहावे म्हणून पाट्या काढायला लावल्या आणि प्रत्येकाने आपापले नाव लिहावे, असे सांगितले. गुरुजींनी पाट्या तपासल्या तर सगळ्या पाट्यांवर एकच नाव, इंग्रजीत, शुद्ध आणि वळणदार. करणच्या पाटीवर तेच, ज्ञानेश्वरीच्या पाटीवर तेच. मुलांना तेवढे एकच नाव पुरते लिहिता येत होते, आणि ते आपले नाही असे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. गुरुजींनी हजेरी घ्यायचे त्या दिवसापुरते सोडून दिले. लहान वयात यंत्राच्या साहाय्याने दिलेले शिक्षण किती खोलवर रुजते, याचा याहून मोठा दाखला माझ्या पाहण्यात नाही.

पाटटाकळीत आता दुसरा संगणक येत आहे. झाल्या प्रकारातून धडा घेऊन या वेळी सभासदत्व बाहेरगावच्यांनाही खुले केले आहे, म्हणजे अर्ज वाचकांपैकी कोणीही करू शकतो. आपण आतापर्यंत या गावाला मनमुराद हसलात आणि शेवटी प्रज्ञाची बाजू घेतलीत, याबद्दल संस्था आपली ऋणी आहे. मात्र मघाचे वाक्य वाचताच आपल्या मनात प्रज्ञाच्याही आधी जो एक विचार आला, की वरच्या ओळीतले बटण मिळेल का, तो अर्जावर लिहायची गरज नाही. तो सगळ्यांचा सारखाच असल्यामुळे संस्थेने तो छापूनच ठेवला आहे.